उरलेले दोनशे चाळीस मीटर

वजनमापे निरीक्षक गरम पाण्याच्या बादलीत दोन्ही पाय घालून बसले होते. गळ्यात शर्यतीचे पदक होते, मांडीवर एक चतकोर कागद होता आणि चेहरा असा पडला होता, की दारातून कोणी डोकावले असते तर चपला बाहेर काढून हळूच ‘कधी झालं?’ असे विचारले असते.

खरे तर दिवस आनंदाचा होता. सहा वर्षे आणि चौदा शर्यती घालवल्यावर त्या सकाळी निरीक्षक दहा किलोमीटर एका तासाच्या आत धावले होते. अठ्ठावन्न मिनिटे पन्नास सेकंद! याआधी ते एक तास चार मिनिटांत आले होते, एक तास दोन मिनिटांत आले होते, आणि एकदा तर एक तास बावीस सेकंदांत येऊन अंतिम रेषेपलीकडच्या दुभाजकावर बसून चक्क रडले होते. लोकांना वाटले, घाम पुसताहेत.

आतून बायकोचा फोनवरचा आवाज येत होता. असा आवाज तिला गेल्या सहा वर्षांत लागला नव्हता.

“अगं ताई, संपलं एकदाचं! हो, तासाच्या आत. शब्दच दिलाय त्यांनी मला, एकदा तासाच्या आत आलो की शर्यती बंद. आता रविवार आमचा. तू गाद्यांना ऊन दाखवून ठेव, आम्ही येतोच राहायला.”

बायको घरातच पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. आठवड्याचे सहा दिवस ती मशीनवर वाकलेली असायची आणि सातव्या दिवशी पहाटे साडेचारला निरीक्षक बुटांची दुसरी नाडी शोधायला कपाट उघडायचे. शर्यत झाली की उरलेला रविवार ते आडवे, आणि सराव असला तरी आडवेच. त्या दोघांनी मिळून शेवटचा रविवार कुठे घालवला होता, हे आठवायला तिला बहिणीला फोन करावा लागायचा.

“अहो, हसा की जरा,” ती टॉवेल घेऊन बाहेर आली.

“सहाव्या आणि सातव्या पाटीच्या मध्ये काहीतरी गडबड आहे,” निरीक्षक म्हणाले.

टॉवेल जागच्या जागी थांबला.

“प्रत्येक किलोमीटरच्या पाटीपाशी मी घड्याळ बघतो, माहितीये ना तुला? आल्यावर लिहून काढलं. सगळीकडे सहा मिनिटं दोन सेकंद. थोडं इकडेतिकडे. फक्त सहा ते सात, चार मिनिटं पस्तीस.”

“उतार असेल.”

“सपाट आहे.”

“मग वारा असेल पाठीला.”

“तिथे वळून परत यायचं होतं. वाराही वळला का आमच्याबरोबर?”

“मग तुम्हीच जोरात पळाला असाल! येतो माणसाला एखादेवेळी जोर.”

“साडेचार मिनिटांत किलोमीटर मी जन्मात पळालेलो नाही. शाळेत असताना कुत्रं मागे लागलं होतं तेव्हाही नाही. म्हणून तर चावलं.”

बायको समोरच्या स्टुलावर बसली आणि तिने त्यांच्या मांडीवरचा कागद काढून घेतला. “हे बघा, तुम्ही आज काहीही मोजणार नाही. उद्याही नाही. कळलं?”

निरीक्षकांनी मान हलवली. पण ती मान दुकानदारांसमोर हलवायची मान होती. ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणून ती हलायची आणि पाठोपाठ तराजूची पारडी उलटी व्हायची. तेवीस वर्षांच्या नोकरीत हा स्वभाव हाडात मुरला होता. घरात नवी बरणी आली तरी ती एक लिटरची आहे की नाही हे आधी पाण्याने ठरायचे आणि मगच तिच्यात काहीतरी भरले जायचे.

मंगळवारी पहाटे ते ऑफिसचे मोजणीचे चाक घेऊन शर्यतीच्या रस्त्यावर उभे होते. लांब दांड्याला लावलेले हे चाक रस्त्यावरून ढकलत न्यायचे, म्हणजे वरचा आकडा मीटरामीटराने पुढे सरकतो. त्यांनी जाऊन मोजले, येऊन मोजले आणि कुठे चुकतोय का हे बघायला पुन्हा जाऊन मोजले. वळायची जागा नकाशात पंपहाउसच्या फाटकासमोर दाखवली होती. प्रत्यक्षात वळणाचा चुन्याचा गोल एकशे वीस मीटर अलीकडे, एका मोठ्या झाडाखाली होता.

“तिथे वळायच्या खुणेचं पिंप ठेवलं होतं ना,” पंपहाउसच्या पहारेकऱ्याने सांगितले. “आधी इथेच होतं. पण ज्या बाई वळणावर बसायला आल्या त्यांना ऊन लागायला लागलं. त्यांनी खुर्ची नेली सावलीत. मग पिंपावर लक्ष ठेवायचं म्हणून पिंपही नेलं.”

जाताना एकशे वीस, येताना एकशे वीस. निरीक्षकांच्या चालीने दोनशे चाळीस मीटरला सत्याऐंशी सेकंद लागतात. म्हणजे त्यांची खरी वेळ होती एक तास सतरा सेकंद! निरीक्षक पंपहाउसच्या पायरीवर टेकले. एका अनोळखी बाईला ऊन लागले म्हणून आपण तासाच्या आत आलो, ह्या विचाराने त्यांना इतके भरून आले की पहारेकऱ्याने आतून पाणी आणून दिले.

तोंड मिटून चाक जागेवर ठेवले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण निरीक्षक ते तसेच हातात घेऊन साहेबांच्या खोलीत शिरले. शर्यतीत साहेबही धावले होते. आयुष्यातली पहिलीच शर्यत, एकोणसाठ मिनिटे चाळीस सेकंद. प्रमाणपत्र टेबलाच्या काचेखाली होते आणि त्यासाठी सुट्ट्यांची यादी काढून टाकण्यात आली होती.

“साहेब, रविवारची शर्यत दोनशे चाळीस मीटर कमी होती.”

साहेबांचा तळवा हळूच काचेवर येऊन पसरला. “कोण म्हणतं?”

“चाक.”

“कुठलं चाक?”

“आपलंच. रीतसर नोंद करून नेलं होतं.”

“नोंदवहीत कारण काय लिहिलंत?”

“खात्री.”

साहेबांनी डोळे मिटून घेतले. “शर्यत म्हणजे दुकान आहे का? बाजार आहे का? असल्या मापाला आपण कधी हात लावतो?”

“तक्रार आली तर.”

“आली आहे का?”

“नाही.”

“मग माप बरोबर आहे. जा, चहा घ्या.”

निरीक्षकांनी चहा घेतला आणि जागेवर बसून, वळणाच्या आकृतीसह, तीन प्रतींत तक्रार लिहिली. तक्रारदार म्हणून त्यांनी स्वतःचेच नाव घातले. सहीही नेहमीसारखी सुवाच्य आली.

शर्यत समितीचे चिटणीस दातांचे डॉक्टर होते. संध्याकाळी निरीक्षक दवाखान्यात पोचले तेव्हा ते एका माणसाच्या उघड्या तोंडात वाकून बघत होते. तशाच अवस्थेत त्यांनी एका हाताने तक्रार वाचली.

“तुम्ही किती वेळात आलात?”

“अठ्ठावन्न पन्नास.”

“वा! मग तक्रार काय आहे?”

“तीच.”

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर नेला. “अहो, अंतर जास्त भरलं म्हणून लोक भांडायला येतात. कमी भरलं म्हणून आलेले तुम्ही पहिलेच. सातशे लोक पळाले, सातशे लोक खूश आहेत. आता मी काय सगळ्यांना बोलावून सांगू, की तुम्ही खूश होऊ नका?”

“आँ! आँ आँ!” खुर्चीतल्या माणसाने तोंड उघडे ठेवूनच जोरदार हरकत घेतली. तोही रविवारी धावला होता.

“बघा,” डॉक्टर म्हणाले. “पण लेखी आलंय म्हटल्यावर समितीपुढे ठेवावं लागेल.”

समितीचे उत्तर पुढच्या बुधवारी आले आणि नेमके बायकोच्या हाती पडले. तक्रारीतला त सुद्धा तिला ठाऊक नव्हता. ती उंबऱ्यात उभी राहून मोठ्याने वाचू लागली.

“‘सदर शर्यतीचे अंतर अपुरे असल्याबाबत अन्य एकाही स्पर्धकाची तक्रार नसल्याने त्यांचे निकाल कायम ठेवण्यात येत आहेत. तथापि, आपले अंतर अपुरे भरल्याचे आपण स्वतःच पुराव्यानिशी सिद्ध केल्याने’...” तिचा आवाज बारीक झाला, “...‘आपला निकाल तूर्त रद्द समजण्यात यावा. येत्या रविवारनंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता आपण उरलेले दोनशे चाळीस मीटर धावून पूर्ण केल्यास ती वेळ आधीच्या वेळेत मिळवून सुधारित प्रमाणपत्र देण्यात येईल.’”

तिने कागदाची नीट घडी घातली. “सातशे लोकांत,” ती म्हणाली, “सातशे लोकांत, अहो, एकट्या तुमचाच?”

“बाकीच्यांनी तक्रार केली नाही ना.”

“तुम्ही तरी कशाला केलीत?”

बायको आत गेली. दीड तास मशीनचा आवाज एकसारखा येत राहिला, मध्ये दोरा बदलायलाही थांबला नाही. निरीक्षक बाहेरच्या खोलीत अपराध्यासारखे बसून होते. आपण फक्त वेळ गमावली नाही, तिचे रविवारही घालवले, हे त्यांना त्या आवाजात लख्ख ऐकू येत होते. सोळावी शर्यत, मग सतरावी, मग विसावी. पंचावन्नाव्या वर्षी माणूस हळू होत जातो, जोरात नाही.

मशीन थांबले. ती गळ्यात टेप घेऊन बाहेर आली.

“तासाच्या आत यायला ते दोनशे चाळीस मीटर किती सेकंदांत पळायचे?”

“एकोणसत्तर. सत्तर लागले तर बरोब्बर एक तास. तो आत धरत नाहीत.”

“कोण धरत नाही?”

“मी.”

“आणि तुम्हाला किती लागतात?”

“सत्याऐंशी.”

“उठा,” बायको म्हणाली. “बूट घाला.”

घरामागच्या गल्लीत तिने अंतर आखून घेतले. कपडे मोजायची दीडशे सेंटिमीटरची टेप एकशे साठ वेळा रस्त्यावर टाकली आणि दर वेळी खडूची रेघ मारली. निरीक्षकांना राहवले नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी चाकाने तपासले. फरक तीन सेंटिमीटर. ह्या बाईच्या हातून मापात चूक होत नाही, हे त्यांना लग्नापासून माहीत होते आणि तिच्या सगळ्या गुणांत हा गुण त्यांना जास्त आवडत असे.

मग सुरू झाले हाल. रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी निरीक्षक गल्लीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जीव खाऊन धावायचे आणि बायको स्टॉपवॉच घेऊन उभी असायची. चौऱ्याऐंशी. ब्याऐंशी. एकोणऐंशी. शेजाऱ्यांनी पहिल्या दिवशी चौकशी केली, दुसऱ्या दिवशी सल्ले दिले आणि तिसऱ्या दिवसापासून ते खुर्च्या टाकून बसायला लागले. पुढच्या बुधवारी पंच्याहत्तर झाले. गुरुवारीही पंच्याहत्तरच. शुक्रवारी डाव्या पोटरीत असा गोळा आला की निरीक्षकांना दोघांनी धरून घरी आणले.

“आता नाही जमायचं,” पलंगावर पडून ते म्हणाले. “माझ्यात पंच्याहत्तरच आहेत गं. त्याच्या खाली काही नाहीच.”

बायको पोटरीला तेल चोळत होती. चोळण्याचा जोर किंचित कमी झाला.

ठरलेल्या रविवारी सकाळी रस्त्यावर एकूण चार माणसे होती. डॉक्टर शिट्टी घेऊन झाडापाशी उभे होते. तिथून पंपहाउसच्या फाटकाला वळसा घालून परत झाडापर्यंत, म्हणजे राहिलेलेच अंतर धावायचे होते. साहेब आले होते. हे प्रकरण आज मिटले नाही तर उद्या कोणीतरी बाकीच्या प्रमाणपत्रांकडेही बघेल, ह्या भीतीने त्यांना झोप नव्हती. गाड्या थांबवायचे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतले. आणि बायको होती. तिने ठेवणीतली साडी नेसली होती आणि तिच्या पायाशी दोघांच्या कपड्यांची पिशवी होती. बहिणीच्या गावाची गाडी नऊला होती.

“वेळ कोण लावणार?” डॉक्टरांनी विचारले. “मला फाटकापाशी थांबायला हवं. नाहीतर हे गृहस्थ पुन्हा म्हणतील, मी पूर्ण वळलोच नाही.”

“मी लावतो,” साहेब म्हणाले.

“तुमचा ह्यात संबंध येतो, साहेब,” निरीक्षक म्हणाले.

“मग वहिनी लावतील.”

“नातेवाईक चालत नाही.”

“अहो, इतक्या सकाळी तुमच्यासाठी तिऱ्हाईत कुठून आणू?” डॉक्टर कातावले. “सात वाजलेत. आठला माझी एक अक्कलदाढ आहे.”

निरीक्षकांनी बायकोकडे पाहिले, तिच्या हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहिले आणि मान हलवली. ह्या वेळची मान खरी होती. जगात कोणाच्या मोजण्यावर त्यांचा विश्वास असेल तर तो तिच्याच. डॉक्टर फाटकापाशी गेले आणि तिथून त्यांनी शिट्टी फुंकली.

निरीक्षक धावले. स्वतःच्या मनगटावरचे घड्याळ त्यांनी सवयीने सुरू केले होते. फाटकापर्यंत ते असे गेले की साहेबांच्या तोंडून ‘अरे वा’ निघाले. वळताना पोटरीने आठवण करून दिली. परतीच्या अर्ध्यावर खुर्च्या भरलेला एक टेम्पो आडवा आला. साहेब दोन्ही हात पसरून त्याच्यापुढे उभे राहिले आणि ‘सरकारी काम आहे!’ असे ओरडले. शेवटच्या तीस मीटरांत निरीक्षकांना एका झाडाच्या जागी दोन झाडे दिसत होती. त्यांतल्या डावीकडच्या झाडाशी ते पोचले, घड्याळाचे बटण दाबले आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकले.

“एकोणसत्तर!” बायको खणखणीत आवाजात म्हणाली.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. टेम्पोवाल्यानेही वाजवल्या. डॉक्टर लगबगीने आले, स्कूटरच्या सीटवर प्रमाणपत्र ठेवून त्यांनी बेरीज केली आणि मोठ्याने वाचली. “एकोणसाठ मिनिटं एकोणसाठ सेकंद! तासाच्या आत! समाधान झालं ना आता? पुन्हा काही मोजायचं नाहीये ना?” शिक्का उठला, कागद निरीक्षकांच्या हातात आला. साहेब पाठीवर थाप मारून निघून गेले आणि जाताना शीळ घालत गेले.

निरीक्षक अजून वाकलेलेच होते. त्यांचे डोळे मनगटावर होते. घड्याळ एकाहत्तर दाखवत होते.

त्यांनी मान वर केली. बायकोच्या हातातल्या स्टॉपवॉचवर तीन शून्ये होती. डॉक्टर बघायच्या आतच ती तिने केली होती.

“ए...काहत्तर,” निरीक्षकांच्या घशातून कसेबसे निघाले.

“हो,” बायको म्हणाली. “दोन सेकंद माया ठेवलीये.”

“माया?”

“अगदी अंगाबरोबर बेतलं ना, तर वाकलं की उसवतं. एवढी वर्षं मी काय उगाच सोडते का आत कापड?” ती हे त्यांच्याकडे न बघता बोलली, आणि बोलताना तिचा आवाज ओलसर झाला. “डॉक्टर अजून इथेच आहेत. मारा हाक. मी नाही अडवणार.”

डॉक्टर दहा पावलांवर स्कूटरला किक मारत होते. निरीक्षकांनी तोंड उघडले. दम इतका लागला होता की अक्षर फुटेना. हातातल्या कागदावर एकोणसाठ एकोणसाठ लिहिले होते आणि ते खोटे होते. आधीची वेळ निदान सातशे जणांसारखी नकळत खोटी होती. ही एकट्या त्यांची होती आणि ठाऊक असून होती. ती पुन्हा कधी पळून खरी करून दाखवायचीही सोय राहिली नव्हती, कारण दिलेला शब्द आजपासून लागू झाला होता. जिवाला लागलेली एक गोष्ट सहा वर्षांनी मिळाली आणि मिळतानाच हातची गेली, आणि ज्या बाईने ती घालवली तिच्यावर रागावताही येईना. ती त्यांच्यासमोर ठेवणीतल्या साडीत, पिशवी घेऊन उभी होती.

दुसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली, वळणावर पोचली आणि दिसेनाशी झाली.

निरीक्षकांनी मनगटावरचा आकडा पुसला, प्रमाणपत्राची घडी खिशात घातली आणि खाली वाकून पिशवी उचलली. दम परत आला होता. तो स्कूटर जायच्या आधी आला की नंतर, हे मात्र त्यांनी मोजले नाही.